मिसचं ऐकू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. नर्सरीतल्या मिस म्हणाल्या, घरी फक्त इंग्लिश बोला, नाहीतर मूल गोंधळतं; आणि तुम्ही दोघं लगेच कामाला लागलात! ‘बाबा, तण्णी दे ना’ म्हणणारं पोर गोंधळलेलं नसतं. तहान लागली, आईकडचा तमिळ शब्द आधी सापडला, तो वापरला. दोन भाषांत वाढणारी मुलं अशी सरमिसळ करतातच. त्याचे शब्द मोजायचेच असतील तर मराठी, तमिळ, इंग्रजी सगळे एकत्र मोज. बोलणं खरंच उशिरा येतंय असं वाटलं तर स्पीच थेरपिस्टला जरूर दाखव, पण खापर भाषांवर फोडू नकोस.

तुमच्यासारखं घर काही जगावेगळं नाही. झ्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाची बायको जर्मन होती. मोरिस ग्रामों या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञांनी त्याला सल्ला दिला की दोघांनी मुलाशी आपापल्याच भाषेत बोलावं. रोंझानं तो पाळला, नोंदी ठेवल्या आणि १९१३ साली पुस्तक काढलं. मुलगा दोन्ही भाषा सहज बोलत होता.

दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, हे व्हॉट्सॲपवर फिरतं. त्यावर विसंबू नकोस, संशोधकांतच त्यावरून वाद आहेत. मला दुभाषिक मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांचं १९७९ मधलं म्हणणं जास्त पटतं: एका भाषेत पक्की झालेली समज दुसरीतही कामाला येते. आजीच्या गोष्टीत ‘असं का केलं त्यानं?’ विचारणारं पोर इंग्रजी धड्यालाही तेच विचारतं.

पण मला खरी काळजी तुझी आहे. तुझं इंग्रजी मी ऐकलंय. चांगलं आहे, पण ऑफिसचं आहे. त्यात तू लेकाला ‘प्लीज डोन्ट डू दॅट’ म्हणतोस. मराठीत तू त्याला ‘ए लबाडा’ म्हणशील, लटकं भांडशील, शेजारच्या काकांची नक्कल करशील. वर्गात बाकावर उभं केलं तरी तुझं तोंड बंद होत नसे, तो मुलगा इंग्रजीत कुठे जातो कोण जाणे. लेकाला बाप मिळायचा तर तो मिळू दे. पुढे चौदा-पंधराव्या वर्षी तो दार लावून बसेल, तेव्हा दाराबाहेरून समजूत काढायला मीटिंगची भाषा पुरणार नाही.

इंग्रजी त्याला शाळेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कार्टूनमध्ये न मागता मिळेल. मराठी विषय २०२० च्या कायद्यानं शाळेत आहेच, पण तासाला ऱ्हस्व-दीर्घ शिकवतात, भांडायला नाही. (मी आयुष्यभर तेच शिकवलं, म्हणून सांगते.)

तेव्हा तू मराठी, सूनबाई तमिळ. तुम्ही दोघं आपसात खुशाल इंग्रजी बोला. त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं तरी तू मराठीतच पुढे बोल. ‘माझा चप्पल हरवला’ म्हणाला तर व्याकरण काढू नकोस. ‘तुझी चप्पल हरवली? कुठे काढली होतीस?’ एवढंच विचार. दिवाळीत त्याच्याबरोबर किल्ला कर. माती कालव, बुरूज लिंप, अळीव पेर, मावळे कुठे उभे करायचे यावर हुज्जत घाल. एवढी क्रियापदं कुठला क्लास देणार? झोपताना बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक वाचून दाखव, १९७१ पासूनचा खजिना आहे. आणि मे महिन्यात त्याला फलटणला आजीकडे एकटा सोड. तू गेलास की तू दुभाषी होतोस आणि सगळं फुकट जातं.

कोइमतूरच्या आजीचा फोनही रोज लागू दे, फक्त स्पीकरवर टाकून मधे मधे अर्थ सांगत बसू नका.

रविवारी पेठेत येणार असाल तर सूनबाईंना सांग, माझ्यासमोरही लेकाशी तमिळच बोलायचं. मला कळलं नाही तरी राग नाही. मिसना काही लिहून द्यायचं असेल तर तेव्हाच बसून लिहू.

तुझी,
बाई