अमेरिकी विद्यापीठीय खेळ नव्याने पाहणाऱ्यांसाठी
अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉल तुम्ही नव्याने पाहू लागला असाल, तर गुणतक्त्याआधी प्रक्षेपण हक्कांचे करार समजून घ्या; २०२४ मध्ये लॉस एंजेलिसमधील यूसीएलए आणि यूएससी ही विद्यापीठे पॅक-१२ हा विद्यापीठांचा क्रीडासंघ (कॉन्फरन्स) सोडून बिग टेन या दुसऱ्या संघात गेली, ती मुख्यतः त्या पैशासाठीच. त्याची झळ व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना अधिक बसते, कारण लॉस एंजेलिसहून थेट पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठापर्यंत सामन्याला जायचे आणि तासही बुडू द्यायचे नाहीत, ही कसरत त्यांनाच करावी लागते. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमावण्याची मुभा मिळाली, ती मला न्याय्यच वाटते. मात्र एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर खेळणाऱ्या भारतीय मुलामुलींनी असा करार करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला अवश्य विचारावे. एनसीएए या विद्यापीठीय खेळांच्या नियामक संस्थेची मुभा मिळाली म्हणून व्हिसाचे नियम शिथिल होत नाहीत.