नास्तिक मित्राशी श्रद्धेबद्दल बोलायचंय?

तुझी तळमळ समजते. मित्र जिवाभावाचा आहे, म्हणूनच आपल्याला कॅथलिक श्रद्धेत मिळालेलं त्यालाही मिळावं असं वाटतं. सुरुवातीला एवढं सांभाळ.

आधी ऐक. तो नेमका कोणता देव नाकारतोय, ते विचार. पुष्कळदा तसला देव आपणही मानत नसतो. मी पहिली दोन वर्षं नुसते वाद जिंकत राहिलो आणि मित्र भेटायचा थांबला. अजून सल आहे.

देव आहे हे दाखवणारे, मध्ययुगीन धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांचे पाच युक्तिवाद सध्या बाजूला ठेव. तू प्रार्थना का करतोस, ते तुझ्या शब्दांत सांग. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' म्हण आणि फादरांना विचारून ये.

पुण्यातलं क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च दाखव. त्याची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिली होती. पुणेकराला याचं कुतूहल वाटतंच. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला आलाच, तर तिथे मिळणारा पवित्र भाकरीचा ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिकांसाठी असतो हे आधी सांग. ऐनवेळी रांगेत तो अवघडायला नको.

घाई तर अजिबात नको. श्रद्धेची सक्ती करता येत नाही, हे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ साली स्पष्ट सांगितलंय. त्याच्यासाठी रोज प्रार्थना कर, आणि तो कधीच चर्चला आला नाही तरी त्याच्याबरोबरचा चहा चुकवू नकोस.