क्रुगर आणि केपटाउन: लेन्सच्या आधी महिना ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरच्या सुट्टीत तुम्ही चौघं पुण्याहून १२ दिवसांसाठी दक्षिण आफ्रिकेला जाणार, क्रुगर राष्ट्रीय उद्यान, गार्डन रूट (दक्षिण किनाऱ्याचा रस्ता) आणि केपटाउन करणार. हाताशी क्रॉप सेन्सरचा (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १८-५५, ७०-३०० मिमी या दोन लेन्स आहेत. प्राणी आणि समुद्रकिनारा दोन्हींचे फोटो चांगले यावेत म्हणून लाखभराची १५०-६०० घ्यावी का?

लेन्सचं उत्तर सोपं आहे. विकत घेऊ नका, पुण्यात भाड्याने मिळते ती घ्या. पण तुमच्या बेतातली खरी अडचण लेन्सची नाहीच, ती डिसेंबरची आहे.

क्रुगर देशाच्या ईशान्य कोपऱ्यात, केपटाउन नैर्ऋत्य टोकाला. क्रुगरला पाऊस त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. केपटाउनला पाऊस त्यांच्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्ट. म्हणजे जंगलासाठी उत्तम असलेल्या जुलैमध्ये केपटाउनला टेबल माउंटन दिवसचे दिवस ढगात असतो, आणि केपटाउनला लख्ख ऊन असलेल्या डिसेंबरात क्रुगरमध्ये गवत गाडीच्या खिडकीला लागतं. प्राणी तेवढेच असतात, दिसत नाहीत इतकंच. पाणी जागोजागी साचलेलं असतं, त्यामुळे ठरावीक पाणवठ्यांवर यायची त्यांना गरज नसते. शिवाय डिसेंबरात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सकाळी आठनंतरचा उजेड रखरखीत होतो. जूनमध्ये तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून साधारण ४२ अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कामाचा उजेड कितीतरी जास्त वेळ मिळतो.

डिसेंबरातलं केपटाउनही म्हणावं तितकं सोयीचं नाही. आग्नेयेकडून जो वारा सुटतो (तिथले लोक त्याला ‘केप डॉक्टर’ म्हणतात), तो ट्रायपॉड आडवा करतो आणि लेन्सवर खारा फवारा मारत राहतो. त्यात स्थानिक शाळांनाही तेव्हाच सुट्ट्या, म्हणजे गर्दी आणि भाडी दोन्ही चढलेली.

दोन्हीकडे जमेल असा महिना सप्टेंबर. मुलांच्या शाळेमुळे तो जमत नसेल तर दिवाळीची सुट्टी बघा. दिवाळी ऑक्टोबरात येते त्या वर्षी हा योग फार चांगला जुळतो. क्रुगरमध्ये तेव्हा कोरड्या हंगामाचा शेवट असतो, झाडं निष्पर्ण, गवत बसलेलं, आणि पहिला जोराचा पाऊस व्हायच्या आधी प्राणी उरल्यासुरल्या पाण्याभोवती गोळा झालेले असतात. उकाडा भरपूर, धूळ भरपूर, पण फोटोग्राफरने तक्रार करू नये. केपटाउनला हिवाळी पाऊस ओसरलेला असतो, वारा अजून पुरता भरात आलेला नसतो आणि हर्मानसच्या किनाऱ्याजवळ सदर्न राइट व्हेल अजून असतात. ते देवमासे साधारण जून ते नोव्हेंबर तिथे येतात आणि चक्क कड्यावरच्या पायवाटेवरून दिसतात. त्यांना तुमची ७०-३०० पुरते.

डिसेंबरच पक्का असेल तर मग बिबट्याच्या मागे लागू नका. हिरव्या जंगलात इंपालाची नुकती जन्मलेली पिल्लं, संध्याकाळी चढून येणारे काळे ढग, आणि पक्षी. आपल्या नीलपंखाचा तो लांब शेपटीचा, जांभळ्या छातीचा भाऊबंद वर्षभर असतो, पण लालभडक कारमाइन वेडे राघू पावसाळी दिवसांतच येतात. पक्ष्यांसाठी मात्र ६०० मिमी लागेल.

आता गार्डन रूट. माझं स्पष्ट मत: काढून टाका. केपटाउन ते त्या वाटेवरचं नाइस्ना सुमारे ५०० किलोमीटर आहे, आणि १२ दिवसांतले जाण्या-येण्याचे दिवस वजा केले तर तुमचा निम्मा उजेड गाडीच्या काचेतून बघण्यात जाईल. क्रुगरला पाच रात्री, क्रुगरजवळच्या नेलस्प्रुइटहून विमानाने केपटाउन, तिथे पाच रात्री. क्रुगरच्या त्या पाच रात्रींतही रोज मुक्काम बदलू नका. क्रुगर १९ हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे, ते ‘पूर्ण’ कोणाचंच होत नाही.

ताडोबा केलं असेल तर आधी एक फरक लक्षात घ्या: क्रुगरमध्ये जिप्सी आणि गाइड सक्तीचे नाहीत. स्वतःची भाड्याची गाडी स्वतः चालवायची, स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५०, कच्च्यावर ४०. ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून उतरायचं नाही. याचा अर्थ, एका कळपाजवळ दीड तास थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवता. हा फायदा लोक वापरत नाहीत. सिंहाच्या बातमीवर पळत सुटतात आणि वीस गाड्यांच्या रांगेत पुढच्या गाडीचा आरसा टिपून येतात.

मुक्कामासाठी मी क्रुगरमधला लोअर साबी कॅम्प सुचवेन. कारण प्रकाशाचं आहे. स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा सुमारे ४५ किलोमीटरचा रस्ता क्रुगरमधल्या सर्वांत समृद्ध रस्त्यांपैकी एक. बहुतेक जण स्कुकुझा कॅम्पात राहतात आणि सकाळी पूर्वेकडे निघतात, म्हणजे सूर्य थेट डोळ्यांत आणि समोरचा प्राणी नुसती काळी आकृती. लोअर साबीहून निघालात तर तोच रस्ता पश्चिमेकडे जातो आणि कोवळं ऊन तुमच्या पाठीवर असतं. संध्याकाळी परत येतानाही तेच, सूर्य मागे. शिवाय सनसेट डॅम हा पाणवठा लोअर साबीच्या फाटकाला लागूनच आहे. पाणघोडे, मगरी, करकोचे अगदी रस्त्याच्या कडेला, आणि फाटक बंद व्हायच्या वेळेपर्यंत तिथे थांबता येतं. उशीर झाला तर दंड होतो, पण इथून उशीर व्हायला कारण नाही. स्कुकुझाजवळच्या लेक पॅनिकच्या लपणात (पक्षी बघायच्या आडोशात) मात्र एक सकाळ जरूर बसा. तिथे पक्षी पाण्याच्या पातळीवरून मिळतात, गाडीतून तो कोन येत नाही.

दिशांचा एक घोळ आधीच सांगून ठेवतो. तिथे दुपारी सूर्य उत्तरेला असतो. आपल्या डोक्यात वर्षानुवर्षं बसलेला अंदाज उलटा चालवावा लागतो. (रात्री कॅम्पच्या कुंपणाआड उभं राहून मृग नक्षत्र बघा, तेही उलटं आणि व्याध त्याच्या वर. मुलांना मजा वाटेल.)

गाडीत ट्रायपॉड निरुपयोगी. शिंप्याकडून जुन्या जीन्सच्या कापडाची दोन कप्प्यांची पिशवी शिवून घ्या, रिकामी न्या, तिथल्या दुकानात तांदूळ किंवा वाल घेऊन भरा आणि खिडकीच्या काठावर टाकून त्यावर लेन्स टेकवा. परतताना तांदूळ शिजवून संपवा. प्राणी दिसला की इंजिन बंद करा. चालू इंजिनाची थरथर ४०० मिमीला स्पष्ट दिसते, आणि लोक दोष लेन्सला देतात. गाडी उंच घ्यावी की बसकी, यावर वाद आहे. बसक्या गाडीतून प्राण्याच्या डोळ्यांच्या पातळीवर जाता येतं, पण ते गवत बसलेलं असेल तेव्हाच. म्हणून ऑक्टोबरात साधी सेडान चालेल, डिसेंबरात उंच गाडी. आणि फोटो काढणाऱ्याने चालवू नये. हा नियम घरात आधीच ठरवून टाका, सिंह समोर आल्यावर नको.

सेटिंग्ज: शांत बसलेल्या प्राण्याला शटर १/५००, चालणाऱ्याला १/१०००, उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा वर. पहाटे त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ३२०० किंवा ६४०० करावा लागला तर करा. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. सकाळी दहानंतर दूरच्या प्राण्याचा फोटो काढू नका, तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि कितीही महाग लेन्स असली तरी फोटो लोकरीसारखा धूसर येतो. तेव्हा फक्त जवळचं काढा. आणि क्रुगरमध्ये जवळचं पुष्कळ असतं: हत्ती रस्त्यावर येतो तेव्हा ३०० मिमी जास्तच होते, १८-५५ लावून त्याच्या पायांची सुरकुतलेली कातडी, सोंडेचं टोक, असं काढावं. तुमच्या कॅमेऱ्यावर ३०० मिमी म्हणजे पूर्ण फ्रेमच्या हिशेबात ४५० होते, सिंह-हत्ती-जिराफाला ती पुरते. कमी पडते ती पक्ष्यांना आणि झाडावरच्या बिबट्याला. म्हणून भाड्याची १५०-६०० क्रुगरच्या दिवसांपुरती, आणि ७०-३०० दुसऱ्या कॅमेऱ्यावर. एखादा जुना कॅमेरा उसना मिळाला तर बघाच, कारण त्या धुळीत लेन्स बदलली की सेन्सरवर ठिपके आलेच.

केपटाउनला सवय उलटी. जंगलात शटर जितकं वेगवान तितकं बरं, किनाऱ्यावर ते हळू करायचं असतं. मला मात्र शटर ३० सेकंद उघडं ठेवून काढलेले समुद्र आवडत नाहीत. अटलांटिकचं दही लावल्यासारखं होतं आणि तो समुद्र दही नाही, थंड बेंग्वेला प्रवाहाचा खवळलेला समुद्र आहे. पाव ते एक सेकंद ठेवा, लाट खडकावरून परत ओघळताना पाण्याच्या रेषा येतात. त्यासाठी एक एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आणि एक पोलरायझर (चकाकी कमी करणारी), बस. भरती-ओहोटीचा अंदाज कोकणच्या हिशेबाने लावू नका. आपल्याकडे उधाणाला मुंबईत चार मीटरच्या वर फरक पडतो, तिथे उधाणालाही दोनेक मीटरच. त्यामुळे ओहोटीला पुळण फार उघडी पडत नाही, आणि लाट मात्र मोठी येते. ओल्या खडकावर उभं राहायचंच नाही. ओला आहे याचा अर्थ लाट तिथवर आलेली आहे.

केप द्वीपकल्पाला दोन बाजू आहेत, आणि तेच तुमचं वेळापत्रक. पश्चिमेला अटलांटिक: कॅम्प्स बे, चॅपमन्स पीकचा ११४ वळणांचा रस्ता. तिकडे सूर्य आपल्यासारखाच समुद्रात बुडतो, म्हणून संध्याकाळ. पूर्वेला फॉल्स बे: म्यूझनबर्ग, सायमन्स टाउन. तिकडे सकाळ. सायमन्स टाउनच्या बोल्डर्स बीचवर दुपारनंतर जाणारे लोक हमखास हिरमुसतात, कारण मागच्या डोंगराची सावली लवकर पडते. फाटक उघडताच जा. तिथे १९८२ मध्ये पेंग्विनच्या अवघ्या दोन जोड्या आल्या आणि त्यातून वसाहत वाढली. पण एकंदरीत आफ्रिकन पेंग्विनची अवस्था वाईट आहे, सार्डीन आणि अँकोव्ही मासे कमी झालेत, आणि २०२४ मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. फळ्यांच्या वाटेवरूनच काढा. काळ्या-पांढऱ्या पिसांना एक्स्पोजर थोडं कमी ठेवा, छातीचा पांढरा जळाला की परत येत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात बरेच पेंग्विन पिसं गाळत असतात, विस्कटलेले आणि पाण्यात न उतरणारे. दिवाळीच्या बाजूने हा आणखी एक मुद्दा.

तुम्हाला प्राणी आणि किनारा दोन्ही हवेत ना? मग केप ऑफ गुड होपच्या राखीव क्षेत्रात पूर्ण दिवस द्या. शहामृग अक्षरशः लाटांच्या कडेने चरत असतात, बाँटेबॉक हरणं असतात, आणि मागे कडे. इथे १५०-६०० गाडीत राहू द्या, ७०-३०० ची ७० ची बाजू वापरा, म्हणजे प्राण्याबरोबर समुद्रही चौकटीत येतो. केप पॉइंट आणि केप ऑफ गुड होपच्या मधल्या पायवाटेवरून खाली दिसणारा डायस बीच तर सोडूच नका. दोन महासागर इथे मिळतात असं कोणी ठासून सांगेल. अधिकृत सीमा आणि आफ्रिकेचं दक्षिण टोक दोन्ही अगुल्हासला आहेत, आग्नेयेला साधारण दीडशे किलोमीटरवर. पण अगुल्हास सपाट आहे, फोटो इथेच. बबून माकडांसमोर खाण्याची पिशवी उघडू नका, कॅमेऱ्याच्या बॅगेतही खाऊ ठेवू नका.

टेबल माउंटनचा कॅलेंडरवाला फोटो खाडीपलीकडच्या ब्लाउबर्गस्ट्रांडहून येतो. कॅमेरा दक्षिणेकडे, संध्याकाळचा सूर्य उजव्या हाताला. अंधारात निर्जन किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून एकटं उभं राहू नका, आणि उभ्या गाडीत बॅग दिसेल अशी ठेवू नका. शहर सुंदर आहे, निष्काळजी माणसाला माफ करणारं नाही.

राहिलेलं पटकन. जाताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून कॅमेरा-लेन्सच्या सिरियल नंबरसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, परतताना वाद होत नाही. क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात आहे, गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जात असाल आणि तिथे १२ तासांहून जास्त थांबणं असेल तर यलो फीव्हरचा दाखला लागतो, लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ड्रोन घरी ठेवा, राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे. गेंडा मिळाला तर फोटो टाकताना ठिकाण आणि जीपीएसची नोंद काढून टाका, शिकारीही ते बघतात.

क्रुगरच्या मुक्कामाचं आरक्षण ११ महिने आधी उघडतं आणि लोअर साबी पहिल्यांदा भरतं. न मिळालं तर दक्षिणेचं क्रोकोडाइल ब्रिज घ्या. छोटा कॅम्प आहे, पण फाटक उघडताच उत्तरेला लोअर साबीकडे निघता येतं, आणि तो रस्ताही रिकामा नसतो.