दुसऱ्या महायुद्धातल्या मुंबईवर कादंबरी लिहायचीय, सुरुवात कुठून करू?

हिटलर-चर्चिलपासून तर अजिबात नको, ते सगळ्यांना पाठ आहे. १४ एप्रिल १९४४ घ्या ना. व्हिक्टोरिया डॉकमधे फोर्ट स्टिकीन जहाज, त्यात कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला (कुणाचं डोकं हे!) आणि वर सोन्याच्या विटा, आग लागली आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट, अर्धं शहर हादरलं, लोकांना वाटलं जपान्यांनीच हल्ला केला. आता तुमचं पात्र मांडवीतला हमाल असेल तर त्याला जहाजाचं नावही माहीत नसणार, बातम्यांवर सेन्सॉर होता, म्हणजे त्याला मिळणार फक्त अफवा, त्याच वापरा. आणि युद्ध १९४५ ला संपणारे हे लेखकाला माहितीये, पात्राला नाही, बहुतेक कादंबऱ्या इथेच गंडतात.