वाचक विचारतात : लिव्हियाने खरंच विष घातलं का?

प्रश्न : मुलीने लॅपटॉपवर बीबीसीची 1976 ची मालिका लावून दिली, 'आय, क्लॉडियस'. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याच्या घरातली कथा. त्याची बायको लिव्हिया एकेक वारसदार संपवते आणि शेवटी नवऱ्यालाही अंजिरातून विष देते. हे खरं की रचलेलं?
— एक वाचिका, खानापूर

उत्तर : ताई, अंजिरांची गोष्ट जुनीच आहे. कॅसियस डिओ या इतिहासकाराने ती लिहून ठेवली. ऑगस्टसला झाडावरचं अंजीर स्वतःच्या हाताने तोडून खायची सवय, म्हणून लिव्हियाने झाडावरच्याच काही अंजिरांना विष चोपडलं आणि आपण चांगली तेवढी खाल्ली, असं तो सांगतो. पण सांगतो कधी? ऑगस्टस वारला इ.स. 14 मध्ये, नोला इथे. डिओ लिहितोय त्यानंतर दोनशे वर्षांनी, आणि तेही ऐकीव म्हणून. टॅसिटस शंभर वर्षांनंतरचा. तो संशय नोंदवतो आणि पुढे जातो. स्युटोनियसच्या मते तर ऑगस्टसने लिव्हियाचा निरोप घेत, तिच्या जवळच प्राण सोडला. पंचाहत्तरी गाठलेला माणूस, जन्मभर तब्येत नाजूक, त्यात प्रवासात पोट बिघडलेलं. त्याला मरायला विष कशाला हवं होतं?

बाकीचे मृत्यूही तपासा. नातू ल्युशियस गेला आजच्या मार्सेला, दुसरा नातू गायस आर्मेनियात झालेल्या जखमेने, परतीच्या वाटेवर. लिव्हिया रोममध्ये. तिचा स्वतःचा धाकटा मुलगा ड्रुसस जर्मनीत घोड्यावरून पडून गेला, आणि लोकांनी त्याच्या मरणावरूनही कुजबुज केलीच.

हे वाचताना मला दर वेळी आनंदीबाई आठवते. 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांच्या पदरात टाकला. लोकांच्या तोंडी मात्र राहिला तो 'ध चा मा', आणि त्याला पक्का पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. मी वर्गात इतिहास शिकवत होते तेव्हा पोरींना हे ठासून सांगायची. राजघराण्यात एकापाठोपाठ एक माणसं मेली की घरात जी हुशार बाई उरते, तिच्या नावावर सगळं जमा होतं. लिव्हियाचं तेच झालं, असं माझं मत आहे.

म्हणून मालिका वाईट ठरत नाही. शान फिलिप्सची लिव्हिया पाहताना मीही श्वास रोखून बसले होते. ऑगस्टसच्या मरणाचा प्रसंग पुन्हा लावून बघा. ब्रायन ब्लेसिडचा चेहरा पडदाभर, कॅमेरा हलत नाही. लिव्हिया दिसत नाही, नुसती बोलत राहते, संसारभराचा हिशेब मांडल्यासारखी. आणि त्या उघड्या डोळ्यांतला जीव कधी गेला ते आपल्याला नेमकं सांगता येत नाही. बाहेर येऊन ती मुलाला, तिबेरियसला, जाता जाता बजावते, अंजिरांना हात लावू नकोस. पटकथा जॅक पुलमन यांची, दिग्दर्शन हर्बर्ट वाइज यांचं. इतिहास म्हणून ते कच्चं असेल, नाटक म्हणून पक्कं आहे.

पुढे म्हातारी लिव्हिया नातवाला, क्लॉडियसला, गळ घालते की मला देवी कर, तेही बघितलं असेल तुम्ही. तिला देवीपद मिळालं हे मात्र अगदी खरं. क्लॉडियसनेच सम्राट झाल्यावर, इ.स. 42 मध्ये दिलं.

प्रश्न : कोण कुणाचा कोण, काही लागत नाही. आणि तिबेरियस सख्खा मुलगा नसताना गादीवर कसा बसला?
— एक वाचक, बैलहोंगल

उत्तर : आमच्या जाऊबाई दर पाच मिनिटांनी हेच विचारायच्या. शेवटी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी वंशावळ काढून टीव्हीशेजारी ठेवली. तुम्हीही काढा, पण एक खूण लक्षात ठेवून : सख्ख्या नात्याला सरळ रेघ, दत्तकाला तुटक. बघता बघता तुटक रेघाच जास्त होतात.

ऑगस्टस स्वतः ज्युलियस सीझरचा दत्तक, तोही मृत्युपत्रातून. त्याला मुलगी एकच, ज्युलिया. तिची गायस आणि ल्युशियस ही मुलं त्याने दत्तक घेतली, ती गेली. मग इ.स. 4 मध्ये त्याने तिबेरियसला दत्तक घेतलं. हा लिव्हियाचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला. त्याआधी याच तिबेरियसला आवडती बायको सोडायला लावून ज्युलियाशी लग्न लावलं होतं. म्हणजे सावत्र मुलगा, मग जावई, मग दत्तक मुलगा, सगळं एकच माणूस. रोममध्ये बापानंतर मुलगा गादीवर असा लिहिलेला कायदाच नव्हता, कारण राजेपदच मुळात कबूल केलेलं नव्हतं. कुणाला जवळ घेतलं, यावर सगळं अवलंबून. मालिकेत विष दिसतं, पण मला विचाराल तर खरी मेख या दत्तकात आहे. क्लॉडियसने तरी काय केलं? पोटचा ब्रिटानिकस असताना इ.स. 50 मध्ये बायकोचा मुलगा नीरो दत्तक घेतला. चार वर्षांत क्लॉडियस गेला, त्यानंतर वर्षभरात ब्रिटानिकस.

दत्तकावरून काय होतं, हे बैलहोंगलच्या माणसाला मी वेगळं सांगायला नको. चन्नम्मा राणीची समाधी तुमच्याच गावात आहे. कित्तूरच्या गादीसाठीचं शिवलिंगप्पाचं दत्तकविधान इंग्रजांच्या धारवाडच्या कलेक्टर थॅकरेने मानलं नाही, आणि ऑक्टोबर 1824 मध्ये कित्तूरच्या किल्ल्यापुढे थॅकरेच मारला गेला.

प्रश्न : क्लॉडियस खरंच तोतरा आणि वेडसर होता का? की सोंग?
— एक वाचिका, निपाणी

उत्तर : तोतरा होता, लंगडत होता, मान थरथरायची, असं स्युटोनियस सांगतो. सख्खी आई त्याला निसर्गाने अर्धवट सोडलेला माणूस म्हणायची. वेडसर नव्हता. ऑगस्टसचं लिव्हियाला लिहिलेलं पत्र आहे, त्यात तो आश्चर्याने लिहितो की बोलताना इतका अडखळणारा हा मुलगा भाषण एवढं चांगलं कसं करतो! डेरेक जॅकोबीने नेमकं हेच पकडलंय : जीभ अडते, डोळे अडत नाहीत.

त्याने इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांचा इतिहास वीस खंडांत लिहिला, आत्मचरित्र आठ खंडांत. सगळं हरवलं. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांची 1934 ची कादंबरी, जिच्यावरून ही मालिका झाली, ती त्या हरवलेल्या आत्मचरित्राच्या जागी लिहिलेली आहे.

पण त्याचे स्वतःचे शब्द थोडे उरले आहेत, आणि त्यासाठी मला तो फार जवळचा वाटतो. त्याचा जन्म इटलीबाहेरचा, आजच्या फ्रान्समधल्या लियोंचा. इ.स. 48 मध्ये त्याने रोमच्या सिनेटपुढे भाषण केलं की गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, प्रमुखांनाही इथे बसू द्या. रोम पहिल्यापासून बाहेरच्यांना आपलं म्हणत मोठं झालंय. ते भाषण कांस्याच्या पत्र्यावर कोरलं गेलं आणि 1528 मध्ये लियोंला सापडलं. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि दाखल्यावर तिसरंच काही, अशी आपली सगळ्यांची हयात सीमेवर गेली. आपल्याकडच्या माणसाने ते भाषण एकदा तरी वाचावं, असं मला मनापासून वाटतं. मालिकेने त्याला हवी तेवढी जागा दिली नाही, ही माझी एकमेव तक्रार.

प्रश्न : दहावीतल्या मुलाला दाखवावी का?
— एक पालक, बेळगाव

उत्तर : ऑगस्टसचे भाग खुशाल, शेजारी बसून. तिबेरियसनंतरचा सम्राट कॅलिग्युला, त्याचे नकोत. जॉन हर्टने काम अप्रतिम केलंय, पण बहीण ड्रुसिल्लाचा शेवट पोरांना झोप लागू देणार नाही, आणि त्या प्रसंगाला जुन्या कुठल्याच ग्रंथात आधार नाही. ती इ.स. 38 मध्ये आजारपणात वारली. मुलाने हट्ट केलाच तर एवढं त्याला आधी सांगून ठेवा.