गेस्टाल्ट शिकताय? आधी पेटी उघडा

गेस्टाल्ट म्हणजे आपण सुटे भाग नव्हे, तर अखंड आकृती कशी अनुभवतो हे सांगणारं मानसशास्त्र. त्याच्या नियमांची यादी पाठ करायला घेतली की बहुतेक जण तिथेच कंटाळतात. यादी सध्या बाजूला ठेवा. घरात पेटी असेल तर ओळखीची एखादी चाल काळी एकमधून वाजवा, मग तीच पांढरी दोनमधून. बहुतेक पट्ट्या बदलल्या, तरी चाल तीच! मग ती चाल नेमकी असते कुठे? तत्त्वज्ञ एरेनफेल्स यांनी १८९० मध्ये हाच प्रश्न मांडला होता. तो मनात मुरू द्या, घाई नको.

मग मानसशास्त्रज्ञ वेर्थायमर यांचा १९१२चा शोधनिबंध वाचा. दोन स्थिर रेषा ठरावीक वेगाने आळीपाळीने दाखवल्या की एकच रेषा सरकताना दिसते. प्रयोगात पाहणारे होते त्यांचे सहकारी मानसशास्त्रज्ञ कोहलर आणि कोफ्का. एवढं पक्कं झालं की सान्निध्य (जवळच्या गोष्टी एका गटात दिसतात), साधर्म्य (सारख्या गोष्टी एका गटात दिसतात) हे नियम सोपे जातात.

दोन चुका मात्र टाळा:

- 'समग्र हे भागांच्या बेरजेहून मोठं' असं लिहू नका. कोफ्कांचा आग्रह 'वेगळं' या शब्दाचा होता.
- मानसोपचारतज्ज्ञ पर्ल्स यांची गेस्टाल्ट उपचारपद्धती निराळी. नावावरून गल्लत करू नका.

कोहलर यांच्या प्रयोगांतले चिंपांझी नंतर भेटतीलच. अडलात तर नि:संकोच विचारा.