रोज नवं संशोधन वाचते आणि आणखी खचते

"मॅडम, फायब्रोमायल्जियावर काहीही नवीन आलं की मी वाचून काढते. दोन दिवस हुरूप येतो, मग पुन्हा तेच. हे वाचणंच बंद करू का?"

फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर सतत दुखत राहणारा जुनाट आजार. असं वर्षानुवर्षं दुखणं सोसणाऱ्यांकडून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. त्यातल्याच एका बाईंची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशी उलटलेली, अंगभर दुखणं, झोप अर्धीमुर्धी आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. बोलताबोलता त्यांनी फोन पुढे केला. स्क्रीनशॉटच स्क्रीनशॉट! सगळ्यात वर सुझेट्रिजिन या नव्या वेदनाशामकाची बातमी. "हे आता येतंच आहे, म्हणून फिजिओथेरपी सोडली. कशाला उगाच अंग दुखवून घ्यायचं?"

मला त्यांच्या वाचनाची नाही, या वाक्याची काळजी वाटली.

ती बातमी आम्ही दोघींनी मिळून नीट वाचली. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये या औषधाला मंजुरी मिळाली हे खरं, पण ती तात्पुरत्या, तीव्र वेदनेसाठी. मुख्य चाचण्या झाल्या त्या पायाच्या अंगठ्याच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवर. सायटिकाच्या जुनाट दुखण्यावरही एक चाचणी झाली होती. तिथे औषध घेणाऱ्यांचं दुखणं कमी झालं; पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचंही जवळजवळ तितकंच कमी झालं. मथळ्यात यातलं काही नव्हतं. मथळे लिहिणाऱ्यांना आपल्या कंबरेशी काय देणंघेणं!

बाई गप्प झाल्या. मग त्यांनी दुसरा स्क्रीनशॉट काढला, २०२१ सालचा. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) उंदरांना टोचली, तर ते उंदीर दाबाला आणि थंडीला जास्त संवेदनशील झाले. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी तसं झालं नाही. "हे मी यांना तीनदा पाठवलं. उघडूनसुद्धा बघितलं नाही."

इथे गाठ सापडली. या बाई औषध शोधायला वाचत होत्याच, पण त्याहून जास्त पुरावा शोधायला वाचत होत्या. आपलं दुखणं खरं आहे, हे घरच्यांना पटवणारा पुरावा. तो हाती लागेपर्यंत वाचन थांबणार कसं?

म्हणून मी दोन्ही कामं वेगळी केली. पुराव्यासाठी रात्र रात्र जागायची गरजच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने नीट उलगडत नाही अशी वेदना तिच्यात स्वतंत्र निदान म्हणून नोंदली आहे, आणि फायब्रोमायल्जिया त्यातच येतो. हे मी पुढच्या भेटीत यजमानांना समोर बसवून सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग रिपोर्टमध्ये का येत नाही?" मला तो प्रश्न आवडला. मज्जासंस्था वेदनेचे संदेश गरजेपेक्षा मोठे करते, आणि ते नेहमीच्या रक्ततपासणीत किंवा एक्स-रेमध्ये दिसत नाही, एवढं बोलल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

उपचारांच्या बातम्यांपुरतं मात्र ठरवलं: प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर, दुखणं माझ्यासारखंच होतं का, आणि तुलना कशाशी केली, हे आधी बघायचं. तरीही बातमीत तथ्य वाटलं तर वहीत लिहून डॉक्टरांना विचारायचं. चालू उपचार बातमीच्या भरवशावर सोडायचा नाही. व्यायामाचा उपयोग तर या आजारात बऱ्याच चाचण्यांमधून दिसला आहे, फक्त तो अगदी थोड्यापासून वाढवावा लागतो.

वाचन त्यांनी बंद केलेलं नाही, मीही सांगितलं नाही. फिजिओथेरपी पुन्हा सुरू आहे, कुरकुरत का होईना. यजमान आता स्वतःच अधूनमधून एखादी बातमी पाठवतात, आणि "ही उंदरांवरची आहे हो," असं त्या त्यांना उलट कळवतात.